साभार परत

लिहिणाऱ्या माणसाला सर्वांत अधिक धास्ती वाटते ती ‘साभार परत’ या दोन शब्दांची. पूर्वी हे शब्द छापील चिठ्ठीवर येत. परतीची तिकिटे आपणच पाकिटात घालून पाठवलेली असत, आणि पोस्टमन ते जाडजूड पाकीट हातात देताना असा काही सहानुभूतीने पाहत असे की, त्यानेही आतला लेख वाचून संपादकांच्या मताला दुजोरा दिला असावा असे वाटे. आता चिठ्ठीही येत नाही; लेख जातो आणि नाहीसा होतो. मी मराठीचा प्राध्यापक असल्यामुळे या बाबतीतला माझा अनुभव बराच दांडगा आहे. तरीही सांगतो, गोंदियात वीस वर्षे काढल्यावर या दोन शब्दांविषयी मला आदर वाटू लागला आहे. जी वस्तू परत येते तिचे अजून कुणीतरी आहे. जिला परतीची वाटच नाही, तिची खरी पंचाईत!

हे मला एखाद्या ग्रंथाने शिकवलेले नाही, बारदान्याने शिकवले.

गोंदिया हे धानाचे आणि राइस मिलांचे गाव. शेतात उभे असते त्याला इकडे धान म्हणतात. भात हा ताटात वाढतात तो. पुण्यामुंबईकडच्या पाहुण्यांची यात नेहमी गल्लत होते आणि आम्ही ती मोठ्या आनंदाने दुरुस्त करतो. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळे होऊन आमचा जिल्हा झाला. पण मिलांची धडधड त्याच्या कितीतरी आधीपासूनची. या गावात व्यापाऱ्याच्या ओट्यावर घटकाभर बसलात, तर धानाच्या भावाच्या बरोबरीने ज्याची चर्चा ऐकू येईल तो म्हणजे बारदाना. धान्य भरायचे तागाचे रिकामे पोते! धान्यासाठी तागाची पोती वापरावीत असा कायदा १९८७ साली झाला, तेव्हापासून हुगळीकाठी विणलेल्या या पोत्याचे आमच्याकडे फारच कौतुक. खरेदीच्या हंगामात बारदाना कमी पडला तर खरेदी थांबते, शेतकरी ताटकळतात, वर्तमानपत्रात बातमी येते. भरलेल्या पोत्याची किंमत कुणालाही कळते. रिकाम्या पोत्याची किंमत असते, आणि ती घासाघीस करून ठरवायची असते, हे मला इथे आल्यावर कळले.

या पोत्याचे चरित्र लिहिण्यासारखे आहे. नवेकोरे असताना ते पन्नास किलो धान्य पोटात घेऊन आगगाडीने परमुलुख पाहून येते. रिकामे झाले की विकले जाते, पुन्हा भरले जाते. उसवले की सुतळीने शिवले जाते. धान्याला नालायक ठरले की त्यात कोंडा भरतात, मग शेणखत. पावसाळ्यात त्याचा एक कोपरा आत दुमडला की डोक्यावर घ्यायची खोळ तयार होते. थंडीत ते शेळीच्या पाठीवर झूल म्हणून चढते. शेवटी दारात पायपुसणे होते. आणि मग एके दिवशी बांधावर पडून, कुणाला न सांगता, मातीत मिसळून जाते. एवढी कृतार्थ सेवानिवृत्ती आम्हा प्राध्यापकांच्याही नशिबी नाही.

मागच्या वर्षी आमच्या महाविद्यालयात ‘चक्रीय अर्थव्यवस्था’ या विषयावर निबंधस्पर्धा झाली. विषय अर्थशास्त्राचा असला तरी तपासायला अर्थातच मराठीचा मास्तर! एका विद्यार्थ्याने बेधडक लिहिले होते, ‘चक्रीय अर्थव्यवस्था म्हणजे जिच्यात व्याज चक्रवाढ पद्धतीने आकारले जाते ती.’ मी मनमुराद हसलो. दुसरा निबंध आमगावकडच्या एका मुलीचा होता. तिच्या सबंध निबंधात ‘चक्रीय’ हा शब्द एकदाही आला नव्हता. तिने फक्त तिचे वडील काम करतात त्या मिलची हकिकत सांगितली होती. शंभर किलो धान भरडले की सरकारी हिशेबाने सदुसष्ट किलो तांदूळ द्यायचा असतो. मग उरलेल्या तेहतीस किलोंचे काय होते? वरचे टरफल, म्हणजे तूस, साधारण वीस किलो निघते. ते उसना तांदूळ करणाऱ्या मिलच्या बॉयलरमध्ये जळते आणि त्याच धानाला वाफ देते. त्याची राख विटभट्टीवाला नेतो. कोंड्यातून तेल काढतात, तेल काढून उरलेली पेंड गुरे खातात. बारीक कणी कोंबड्यांच्या आणि गुरांच्या खाद्यात जाते. ‘आमच्या मिलमध्ये कचरापेटी नाही, कारण तिच्यात टाकायला काही उरत नाही,’ असे शेवटचे वाक्य होते. पहिले बक्षीस तिला दिले, हे वेगळे सांगायला नको.

त्या मुलीच्या वाक्याने मला माझ्या लहानपणच्या घराची आठवण करून दिली. त्या घरातही कचरापेटी नव्हती. होता तो उकिरडा, आणि तो वर्षातून एकदा शेतावर जाई. गोळीची सोडावॉटर बाटली दुकानातच पिऊन परत करावी लागे. घरी न्यायची तर अनामत ठेवा! मुंबईला आरेचे दूध काचेच्या बाटल्यांतून मिळे आणि रिकामी बाटली दिल्याशिवाय भरलेली हाती पडत नसे, असे माझे मामा सांगत. जुने लुगडे देऊन बोहारणीकडून पातेले घेताना आईची आणि तिची जी जुगलबंदी चाले ती ऐकायला आळी गोळा होई. आणि जेवणावळी? पळसाच्या पानांच्या पत्रावळी आणि द्रोण! पंगत उठली की त्या खताच्या खड्ड्यात जात. पुढच्या उन्हाळ्यात पळस पुन्हा पालवे. आजही दिवाळीनंतर झाडीपट्टीत गावोगावी मंडई भरते, रात्रभर दंडार चालते. पण सकाळी मैदानावर पाहावे तर सर्वत्र चकचकीत पुड्या आणि पाण्याच्या बाटल्या. पळस मात्र गावाबाहेर तसाच उभा आहे, पाने घेऊन.

जुने ते सारे सोने, असे म्हणणाऱ्यांतला मी नाही. प्लास्टिकच्या हलक्या घागरीने बायांच्या डोक्यावरचा किती भार उतरवला ते मी पाहिले आहे. दवाखान्यातली सलाईनची पिशवी, शेतातली ठिबकची नळी, पावसात धानाच्या गंजीवर टाकलेली ताडपत्री, यांना नावे ठेवण्याची माझी प्राज्ञा नाही. ही वस्तू जन्मली तीही उदात्त संकल्पाने नव्हे, अपघाताने. १९३३ साली इंग्लंडमधल्या आय.सी.आय. कंपनीच्या प्रयोगशाळेत एक प्रयोग फसला आणि भांड्याच्या तळाशी मेणासारखा पांढरा थर सापडला, तेच पॉलिथिन. पुढे स्वीडनमधल्या एका कंपनीने त्याची बंदांची पिशवी केली आणि १९६५ साली तिचे पेटंट घेतले. ती पिशवी रेखाटणारे स्टेन गुस्ताफ थुलिन हे स्वतः एक पिशवी घडी करून नेहमी खिशात बाळगीत, असे त्यांच्या मुलाने पुढे सांगितले. लोक ती एकदा वापरून फेकून देतील हे त्या गृहस्थांच्या स्वप्नातही नव्हते. म्हणजे पिशवी जन्मली टिकाऊ म्हणून. टाकाऊ तिला आपण केले. मराठीत या दोन शब्दांत केवळ एका वेलांटीचे आणि एका कान्याचे अंतर आहे. व्यवहारात ते अंतर किती झाले आहे ते पाहायचे असेल तर आमच्या घरी कबाडीवाला येतो त्या रविवारी या.

गोंदियाच्या बाजाराची भाषा हिंदी, तेव्हा कबाडीवालाही हिंदीतच बोलतो. अंगणात गोणी ओतली की त्याचे हात चालू लागतात. पुठ्ठा इकडे, लोखंड तिकडे, दुधाच्या पिशव्या वेगळ्या, पाण्याच्या बाटल्या वेगळ्या, शाम्पूचा जाड डबा आणखी वेगळा. एखाद्या तुकड्याविषयी शंका आली तर तो चिमटीत चुरगाळून कानाशी नेतो आणि आवाजावरून जात ओळखतो. संगीतातल्या घराण्यांची पारख करणारे रसिक मी पाहिले आहेत. त्यांचा कान याच्याहून तयार असेल असे वाटत नाही. शेवटी जमिनीवर एक ढीग उरतो. वेफर्सच्या पुड्या, बिस्किटांची वेष्टने, रुपयाची शाम्पूची पुडी, मिठाईवरचा पातळ कागद. त्याकडे पाहून तो मान हलवतो आणि म्हणतो, “इसका कुछ नहीं आता, सर.”

“याचं काही येत नाही.” मोठमोठ्या परिषदांना जे सांगायला पाचशे पाने लागतात ते या माणसाने चार शब्दांत सांगितले. का येत नाही, तेही त्याने समजावून दिले. वेफर्सची पुडी ही एक वस्तू नव्हेच. प्लास्टिकचे पदर आणि मध्ये अॅल्युमिनियमचा पातळ मुलामा, असे ते एकमेकांना चिकटवलेले असतात, आणि ते सोडवायला जो खर्च येईल तो हाती येणाऱ्या मालाहून अधिक. पातळ पिशवी एकाच जातीची असते, पण ती मळलेली असते आणि वजनाला काही भरत नाही. दिवसभर वेचली तरी किलो होईल की नाही याची शंका. त्यातून हा माल वितळवणारे कारखाने आमच्या गावापासून लांब. ट्रक भरून पाठवला तर ट्रकमध्ये प्लास्टिक कमी आणि हवाच जास्त जाते. भाडे मात्र हवेचेही द्यावे लागते.

हे ऐकून मला विदर्भातलाच एक जुना धडा आठवला. पूर्वी कापसाचेही असेच होते. सरकी काढलेला कापूस फुगलेला. तो तसाच वाघिणीत भरला तर वाघीण भरे, वजन भरत नसे. म्हणून तर वऱ्हाडात जिनिंगच्या शेजारी प्रेसिंगचे कारखाने निघाले आणि कापसाच्या गाठी बांधून मुंबईला जाऊ लागल्या. जो उपाय पांढऱ्या सोन्याला लागू पडला तोच या रंगीबेरंगी कचऱ्याला लागू पडतो. गावातच दाबयंत्र असावे, जातवार निवड व्हावी, गाठी बांधल्या जाव्यात. मग ती पिशवीही प्रवासाला निघते. सिंधुदुर्गातल्या वेंगुर्ला नगरपरिषदेने हे करून दाखवले आहे. तिथे कचरा घरापासूनच वेगवेगळा घेतला जातो, प्लास्टिकच्या गाठी होतात, काहींचा चुरा डांबरात मिसळून रस्त्याला जातो, आणि जुन्या कचराडेपोची जागा लोक सहलीला जाऊन पाहतात. वेंगुर्ला काही मुंबई नाही. गोंदियाहूनही लहान गाव आहे ते.

रस्त्याचा उपाय मदुराईचे प्राध्यापक राजगोपालन वासुदेवन यांचा. खडीवर वितळलेल्या प्लास्टिकचा लेप देण्याच्या या युक्तीबद्दल त्यांना २०१८ साली पद्मश्री मिळाली. आमच्या पेशातल्या माणसाने वर्गाबाहेर काही उपयोगाचे केले याचा मला अभिमान वाटतो. तथापि रस्त्यात गेलेली पुडी रस्त्यातच राहते. तिची पुन्हा पुडी होत नाही. कारखान्यात गेलेल्या बाटलीचीही बहुधा बाटली होत नाही. तिचा धागा होतो, सतरंजी होते. दरवेळी वितळताना माल थोडा उतरतो. म्हणजे हे चक्र बारदान्यासारखेच उतरत्या पायऱ्यांचे. फरक इतकाच की शेवटच्या पायरीवर बारदान्याला माती पोटात घेते, याला घेत नाही. हल्ली तांदूळ विणलेल्या प्लास्टिकच्या गोणीतही येतो, वर देवादिकांचे नाहीतर नटीचे चित्र. ती गोणीही आम्ही काटकसरीने वापरतो. पण दोन उन्हाळे गच्चीवर राहिली की हात लावताच तिचे धागे तुटतात, त्यांचे तुकडे होतात आणि ते तुकडे वाऱ्यावर निघून जातात. ते कुठे जात असतील? आमच्याकडे मालगुजारी तलाव गावोगावी आहेत. त्यांचे पाणी धानाला जाते, आणि धान पुन्हा आमच्या ताटात येते.

कायदे झाले नाहीत असे नाही. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा तुंबलेल्या गटारांत पिशव्या सापडल्या आणि पुढच्याच वर्षी राज्याने अशा न कुजणाऱ्या कचऱ्यासाठी कायदा केला. २३ मार्च २०१८ रोजी राज्यात पिशव्या आणि थर्मोकोलच्या ताटल्या यांवर बंदी आली. १ जुलै २०२२ पासून देशभर एकदाच वापरायच्या अनेक वस्तू बंद झाल्या. या सगळ्यांत मला मोलाचे वाटले ते २०१८ च्या अधिसूचनेतले एक छोटे कलम. दुधाची पिशवी परत आणणाऱ्याला किमान पन्नास पैसे मिळावेत, बाटलीला रुपया-दोन रुपये मिळावेत, असे त्यात म्हटले होते. म्हणजे गोळीच्या सोड्याची ती जुनी अनामतच की! रिकाम्याची किंमत भरलेले विकतानाच ठरवून टाकायची. ज्याने हे लिहिले त्याला बारदाना कळला होता. आमच्या आळीत मात्र दुधाची पिशवी देऊन पन्नास पैसे घेणारा मनुष्य मी अद्याप पाहिलेला नाही. दुकानदार म्हणतो, मी कुणाकडून घेऊ? आणि तोही खोटे बोलत नाही.

आमच्या आळीपुरतीच ही गोष्ट असती तर बरे होते. २०१७ साली शास्त्रज्ञांनी साऱ्या जगाचा हिशेब मांडला. १९५० ते २०१५ या काळात ८३० कोटी टन प्लास्टिक तयार झाले. त्यातले ६३० कोटी टन कचरा होऊन पडले, आणि त्या कचऱ्याच्या दर शंभर किलोंतले फक्त नऊ किलो पुन्हा कामाला आले. बारा किलो जाळले. बाकीचे एकोणऐंशी किलो या पृथ्वीच्या पाठीवर कुठेतरी आहेत. २०२४ साली बुसानला आणि २०२५ साली जिनिव्हाला राष्ट्रे करार करण्यासाठी जमली, आणि दोन्ही वेळा करारावाचून उठली. त्या विद्यार्थ्याने लिहिलेले चक्रवाढ व्याज मला तेव्हा आठवले आणि या खेपेस हसू आले नाही. कर्ज आपण काढतो, व्याज दुसराच फेडतो.

ते कोण फेडतो, हे दिवाळीत आमच्याकडे फार स्पष्ट दिसते. पाडव्याला झाडीत गायगोधन असते. गाई रंगवतात, मोरपिसे बांधतात, वाजतगाजत मिरवतात. दोन वर्षांपूर्वी आमच्या गल्लीतली अशीच एक गाय, तिच्या शिंगांचा रंग अजून उतरला नव्हता, पोट फुगून आडवी झाली. गुरांचे डॉक्टर आले. मेल्यावर तिचे पोट उघडले तेव्हा पिशव्यांचा एक घट्ट गोळा निघाला. एका माणसाला उचलवेना. त्यात एका मिठाईच्या दुकानाची पिशवी होती, तिच्यावरचे नाव स्पष्ट वाचता येत होते. शिळी पोळी पिशवीत बांधून गाईला घालणारे हात आमच्या गल्लीतलेच, आणि आरती ओवाळणारेही तेच. त्या संध्याकाळी गल्लीत कुणी मोठ्याने बोलले नाही. गवळी म्हणाला, “साहेब, तिला गाठ सोडता येत नाही ना.”

पिशवीला परतीची वाट नसली म्हणजे ती अशी दुसऱ्याच्या पोटात घर करते. आणि ज्या थोड्या पिशव्या तिथे न जाता परतीला लागतात, त्या कुणामुळे? कायद्यामुळे नव्हे. उजाडण्यापूर्वी पाठीवर गोणी टाकून फिरणाऱ्या बायांमुळे. पुण्यात १९९३ साली या बायांची आणि त्यांच्या जोडीदारांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ स्थापन झाली. बाबा आढावांसारख्या माणसाचा तिला आधार होता. २००८ पासून त्यांचीच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था महापालिकेशी करार करून घरोघर कचरा गोळा करू लागली. प्रत्येक घराने त्यासाठी महिन्याला पैसे द्यायचे, आणि वेचलेला माल विकून आलेले पैसेही त्या बायांचेच. म्हणजे ज्या पुडीचे ‘काही येत नाही’, तिच्या वेचणुकीचे निदान काहीतरी आले. २०१३ साली त्यांनी आणखी एक गोष्ट केली. बायकांचे वापरलेले पॅड उघड्या हातांनी निवडावे लागतात, म्हणून ते पिशव्यांत भरून त्यांनी थेट ते बनवणाऱ्या कंपन्यांच्या कचेऱ्यांना धाडून दिले. साभार परत! साऱ्या मराठी साहित्यात या दोन शब्दांचा इतका योग्य उपयोग कुणी केल्याचे मला माहीत नाही.

माझे मागणे यापेक्षा फार वेगळे नाही. बनवणाऱ्याने वस्तू विकतानाच तिच्या परतीचे भाडे मोजावे. २०१६ च्या केंद्रीय नियमांनी ही जबाबदारी त्याच्यावर टाकलेलीच आहे. तिचा पैसा महानगरांतच न अडकता गोंदियासारख्या गावातल्या दाबयंत्रापर्यंत आणि वेचणाऱ्या बाईच्या हातापर्यंत पोचावा, एवढेच. आणि आपण? आपण ओले आणि सुके वेगळे ठेवावे, पिशवी धुऊन द्यावी, पिशवीची गाठ सोडावी. एवढ्यानेही कबाडीवाल्याच्या अंगणातला ढीग थोडा लहान होतो. माझ्या घरचा झाला आहे.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा लक्ष्मीपूजनाची तयारी चालू असेल. त्या दिवशी आपण नवी केरसुणी आणतो, तिला हळदकुंकू वाहतो, लक्ष्मी म्हणून तिची पूजा करतो. केर काढणारी ती लक्ष्मी, हे आपल्या पूर्वजांनी केव्हाच ओळखले होते. दुसऱ्या दिवशी पहाटे, फटाक्यांचे कागद आणि मिठाईची खोकी रस्त्यावर पसरलेली असताना, आणि गल्ली अजून झोपेत असताना, एक बाई गोणी घेऊन येईल. आमच्याकडे ती येते. गेल्या दिवाळीपासून बायको तिच्यासाठी फराळाचा डबा काढून ठेवते, स्टीलचा. दोन दिवसांनी ती तो घासून-पुसून परत आणते, आणि रिकामा डबा परत करू नये म्हणून त्यात मूठभर लाखोळीची डाळ घालून देते.